नऊ-सहाचा तक्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. माझं वय दोन वर्षेही नाही, पण माझ्या प्लास्टिकचे कोपरे सुटलेत आणि पाठीवर चहाचा डाग आहे. म्हणून जुनाच म्हणायचं.

जानेवारी २०२० मध्ये कॉर्क शहरातल्या एका स्वयंपाकघरात माझा जन्म झाला. नागपूरहून आलेल्या यशोधन नावाच्या इंजिनिअरने मला स्वतःच्या हाताने लिहिलं आणि प्लास्टिकमध्ये बंद केलं. गावातल्या क्लबात पोकरची यंत्रं आहेत. हा मोठ्यांचा खेळ आहे. यंत्र पाच पत्ते दाखवतं. हवे ते ठेवायचे, नको ते बदलायचे. तीन सारख्या पत्त्यांसोबत जोडी जमली तर नऊ पट, पाचही एका जातीचे आले तर सहा पट, हाच नऊ-सहाचा दर. कोणते पत्ते ठेवायचे ते मी सांगतो.

अगदी बिनचूक खेळलं तरी शंभर युरोंमागे सरासरी साडेनव्व्याण्णवच परत येतात. पण क्लब खेळणाऱ्याला बक्षिसाचे गुणही देतो, मंगळवारी तिप्पट. त्या गुणांचं मोल धरलं की शंभरावर पाव युरो उरतो. एवढासाच फायदा! तोही माझी एक ओळ मोडली की गेलाच. माझी सर्वांत वरची ओळ लाल शाईची आहे: ‘आधी दर बघ. नऊ-सहा नसेल तर ऊठ.’

मार्चमध्ये क्लबाला कुलूप लागलं. तीन महिन्यांसाठी आलेल्या यशोधनच्या आई, सुनेत्राबाई, इथेच अडकल्या. मग दुपारी आठ वर्षांची नात मुक्ता पत्ते वाटायची, पैशांऐवजी राजम्याचे दाणे असायचे आणि मी मधोमध.

एकदा यशोधनला चव्व्यांची जोडी आली आणि सोबत एक्का. त्याने तिन्ही ठेवले.

“अरे, यात तर एक्का टाक म्हणून लिहिलंय,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“आई, एक्का आहे तो! मनाला वाटतंय...”

“लिहिताना मन कुठं गेलं होतं?”

“आजी, यू आर ग्रँड!” मुक्ता खिदळली. राजम्याचा ढीग आजीपुढेच असायचा. मला इतकं कुणी मानलं नव्हतं. त्या दिवसांत मी फार सुखात होतो.

नंतर पत्त्यांचा कंटाळा आला आणि मी कपाटात, इथल्या भाषेत ‘प्रेस’मध्ये, जिऱ्याच्या डब्यामागे पडून राहिलो. वर्षभर कुणी हाक मारली नाही.

२०२१ च्या शरदात क्लब उघडला. सुनेत्राबाईंचं परतीचं विमान शनिवारी होतं. त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी उल्का दूरच्या कासलबार गावात दवाखान्यात नर्स आहे. एकाच देशात असून दीड वर्षात मावशी-भाचीची भेट नव्हती. उल्काच्या खोलीवर पाहुणा चालत नव्हता, आणि हॉटेल म्हटलं की सुनेत्राबाई म्हणायच्या, “माझ्यापायी पैसे? वेडा की काय!” फुकट असेल तरच त्या जाणार. क्लबच्या गुणांवर तिथल्या हॉटेलात दोन रात्री मिळत होत्या. लागणार होते सहा हजार गुण, साठले होते चोपन्नशे. एक रात्र तर जाण्यायेण्यातच सरेल, असं यशोधनला वाटे.

मंगळवारी आईही सोबत निघाल्या. “बघू तरी ते यंत्र!”

आत घंट्या वाजत होत्या. “देवळापेक्षा जास्त वाजतात रे,” त्या हळूच म्हणाल्या. यशोधनने मला मांडीवर ठेवलं आणि दर पाहिला. नऊच्या जागी आठ होते, सहाच्या जागी पाच. आता शंभराचे सत्त्याण्णवच परत येणार होते. तिप्पट गुणांनीही ते भरून निघालं नसतं.

तरी त्याने नोट काढली. “सहाशेच गुण, आई. तेवढ्यासाठी बसतो.”

सुनेत्राबाईंनी माझ्या लाल ओळीवर बोट ठेवलं. “हे कुणी लिहिलंय?”

“मीच. पण आज तुझ्यासाठी...”

“आज मंगळवार. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. भूक लागत नाही म्हणून करते का मी उपास?” त्यांचा आवाज जराही चढला नाही. “भूक लागते तेव्हाच तो उपास असतो, बाळा.”

नोट यंत्राच्या तोंडाशी होती. माझं सगळं आयुष्य त्या क्षणात अडकलं. मला बोलता येत नाही, मित्रांनो, नाहीतर ओरडलो असतो.

यशोधन उठला. क्लबच्या काउंटरच्या खिडकीपाशी जाऊन त्याने असलेले गुण पुढे केले.

“वन नाइट, लव्ह,” आतली बाई म्हणाली. “उद्याची चालेल?”

“चालेल की,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “भाचीला बघायला एक संध्याकाळ पुरते. दुसऱ्या रात्री घोरायला घर आहेच.”

दुसऱ्या दिवशी कासलबारला उल्का कामावरून थेट धावत आली. मावशीने तिचा मास्क लावलेला चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. यशोधनच्या शर्टाच्या खिशातून डोकावून मी ते सगळं पाहत होतो. त्या क्लबात तो पुन्हा बसला नाही. दुसरीकडे कुठे खरा दर असेल, तर माझे दिवस परत येतील. नसले, तरी माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी शांत डोक्याने लिहून ठेवलेला एखादा नेम असेल. त्याला झटकून-पुसून ठेवलं नाही तरी चालेल, डाग पडले तरी चालेल. पण मन ओढ घेईल ना, त्याच वेळी त्याला विचारा. आम्हांला दुसरी कसलीच देखभाल लागत नाही.