येते हं

या, असे जवळ सरकून बसा. एका अडलेल्या शब्दाची गोष्ट सांगते.

चमचा... समोर चमचा धरलेला, स्टीलचा, त्याच्या पोटात खोलीची खिडकी उलटी — आणि आजोबांना तर चष्मा हवा होता. चष्माच म्हणालो ना मी? की पुन्हा भलतंच निसटलं? अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून हे असंच. ज्या गळ्यानं बसस्थानकावर जन्मभर गाड्या पुकारल्या, ज्याच्या एका हाकेवर माणसं ट्रंका उचलून धावायची, त्या गळ्यात आता शब्द लागतात ते चुकीच्या फलाटाला.

"चमचाच म्हणालात," समोरची मुलगी म्हणाली. "माझंही होतं तसं. या तारांमुळे मी सरांना 'शर' म्हणते. अख्खा वर्ग खिदळतो."

दातांना तारा, मांडीवर दप्तर. शाळेनं मोठ्या वर्गातली मुलं आठवड्यातून एकदा वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे गप्पांना धाडायचं ठरवलं, त्यातली ही तारवाली. आजोबांना नको असेल तर तिला दुसरं घर देऊ, असं शाळेच्या बाई सांगून गेल्या होत्या.

आजोबांनी डोळ्यांकडे बोट नेलं.

"चष्मा हवाय त्यांना," सून दारातूनच म्हणाली. सून गुणाची, सासऱ्यांचं प्रत्येक वाक्य ती पुरं करते, मायेनंच, अडखळणं बघवत नाही तिला... आणि म्हणून तर आजोबांनी बोलणंच सोडलेलं. आपलं बोलणं दुसरं कुणी पुरं करणारच असेल, तर आपण कशाला धडपडायचं?

पण ही पोर थांबते. तोंडाकडे टक लावत नाही. नख कुरतडत खुशाल थांबते — गाडी येणारच आहे, उशिरा का होईना.

"चला, येते हं आजोबा." ती उठली. निघतानाही आपण येतेच म्हणतो, केवढी ही देवाची दया. आजोबांनी सगळा जीव एकवटला, आणि म्हणाले, "जा."

जा? ये म्हणायचं होतं रे देवा... पुढच्या आठवड्यात ये...

"बाबांना म्हणायचंय —" सून पुढे झाली.

"काकू, थांबा ना. त्यांनाच बोलू द्या." मुलगी दप्तर खाली ठेवून पुन्हा बसली.

सून ओठ मिटून उभी राहिली, हातातला टॉवेल पिळत. घर इतकं गप्प... आणि नवल असं, की ही शांतता आजोबांना खायला उठली नाही. शब्द आत कुठंसा हलत होता. ओठ त्याच्यासाठी उघडले. तोच येईल, नाही तर दुसरा येईल — दुसरा आला तरी आता लाज वाटणार नव्हती.

तुम्ही देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सुनेची आठवण ठेवा, बरं का. तोंडाशी आलेला शब्द तिनं गिळला. ते तिलाही सोपं गेलं नाही.