बिनटोपीची दाढ

शिडीच्या सातव्या पायरीवर वायरमनच्या तोंडात कट्ट झाले आणि त्याच्या तोंडचे पाणीच पळाले. दातांत धरलेली वायर सोडून त्याने जीभ डाव्या दाढेवर फिरवली. दाढेचा एक भाग हलत होता.

ही तीच दाढ. चार महिन्यांपूर्वी तिचे रूट कॅनाल केले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पंधरा दिवसांत वर टोपी बसवून घ्यायला सांगितले होते. पण ठणका थांबला आणि गरज सरो, वैद्य मरो. बायकोने दाताच्या कण्या केल्या. दुखत नाही त्याला टोपी कशाला, म्हणून याने ते हसण्यावारी नेले. त्यात वायर दातांनी सोलायची सवय. पक्कड खिशात असतेच, पण एक हात शिडीला, दुसऱ्यात वायर, मग उरते तोंड. तीस वर्षे हेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे दाढ आधी जायची वेळ आली.

संध्याकाळी बायकोबरोबर तो दवाखान्यात आला आणि खुर्चीत आडवा पडून एक्स-रेची वाट पाहू लागला. उजवीकडच्या दाढा केव्हाच गेल्या होत्या, चावायला ही एकच उरली होती. ही गेली तर सगळे कालवून गिळायचे. त्याला भीती वाटत होती, आणि बावन्नाव्या वर्षी एका दाढेसाठी भीती वाटते याची लाजही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्यामुळे तो जास्तच घाबरला.

“पण डॉक्टर, दुखत तर नव्हती,” तो म्हणाला.

“नस काढल्यावर दुखेल कशी? कीड काढता काढता दाढ आतून पोकळ झाली होती, कडा पातळ राहिल्या होत्या. जोरात चावलं की त्या फाकतात. टोपी त्यांना चारी बाजूंनी आवळून धरते.”

थोडीशी कीड असली तर नुसती भरून भागते, पण अशा दाढेला टोपी हवीच, असेही त्यांनी समजावले. चीर हिरडीच्या वर थांबली असेल तर टोपी अजूनही बसेल, मुळात उतरली असेल तर दाढ काढावी लागेल. वायरीतला फॉल्ट कुठवर गेलाय हे शोधण्यात त्याचे आयुष्य गेले होते. आज नुसते तोंड उघडून पडून राहायचे होते.

बाईंनी बारीक सळई फटीत सरकवली. ती खाली गेली, आणखी खाली गेली.

“मुळापर्यंत चिरलीय हो,” त्या हळूच म्हणाल्या.

तासाभराने तो कापसाचा बोळा दाबून बाहेर आला. बाकावरच्या बायकोने विचारले, “वाचली का?”

त्याने मूठ उघडली. आत दाढेचे दोन तुकडे होते. येताना वाटभर ती बडबडत आली होती. तिने त्याची मूठ मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.