पुसलेलं रायपूर

मित्रांनो, मी एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. चालू केलं की मी मिनिटभर तापतो आणि मगच बोलतो. माणसं आधी बोलतात आणि मग तापतात.

१९६४ साली मी नागपूरच्या लकडगंजात मारोतरावांच्या घरी आलो. ते लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत, मुनीम होते. माझ्या पोटात बारीक स्क्रू आहेत. कारखान्याने ते नेमक्या जागी बसवून लाल ठिपक्यांची खूण केली होती, म्हणजे पुढे कुणी हात लावू नये. पण आवाज जरा खरखरला की मारोतराव माझी पाठ उघडून एखादा स्क्रू फिरवत. सुधारला तर श्रेय त्यांचं, बिघडला तर दोष हवेचा. असं दहा वर्षं चाललं.

त्यामुळे केंद्र लागलं तरी माझा काटा त्याच्या आकड्याला सोडून भलतीकडेच थांबू लागला. त्यांच्या पत्नी कांताबाईंचं मात्र काही अडलं नाही. त्यांना इंग्रजी आकडे येत नव्हतेच. काटा जिथे थांबे तिथे काचेवर त्या रंगीत कागदाचा तुकडा चिकटवत. नागपूर लाल, इंदूर पिवळं, रायपूर हिरवं. रायपूरला त्यांची लेक जया दिली होती. दोन वर्षांत तिचं माहेरी येणं झालं नव्हतं.

एके दिवशी जयाचं पोस्टकार्ड आलं : 'गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला रायपूर केंद्रावर मी गाणार आहे.'

लेकीचा आवाज स्वच्छ यावा म्हणून मारोतरावांनी मला सायकलला बांधून ताराचंद मेकॅनिककडे नेलं.

"कोनं हात लावला याले?" ताराचंदने विचारलं.

"हवेनं बिघडला असन," मारोतराव म्हणाले.

ताराचंदने एकेक स्क्रू लाल ठिपक्यावर आणला आणि काच स्पिरिटने पुसली. "घ्या, कारखान्यातून निघाला तसा करून देला."

गुरुवारी सहाला मी चकचकीत होऊन घरी आलो.

"माहे कागद कुठं गेले जी?" कांताबाईंनी विचारलं.

"कचरा होता वं तो. आता आकडे पाहाचे."

"मंग पाहा. रायपूरचा आकडा कोनता?"

मारोतराव काचेवरच्या आकड्यांवरून बोट फिरवू लागले. त्या आकड्याची या घराला कधी गरजच पडली नव्हती.

साडेसहा वाजले. मारोतराव घाईघाईने बटण फिरवू लागले. बातम्या आल्या, कव्वाली आली, बाजारभाव आले. जया काही येईना.

"सरका तिकडं," कांताबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि बटण हळूच फिरवलं. "आधी शिट्टी वाजते. मंग तो भांडल्यासारखा बोलनारा मानूस येते. त्याच्या शेजारी रायपूर."

शिट्टी वाजली. भांडखोर माणूस आला. बटण केसभर पुढे सरकलं, आणि माझ्यातून जया गाऊ लागली.

शेवटचं कडवं उरलं होतं.

"जरा खरखरून राहिलं जी," कांताबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

"खरखरू दे. मी हात नाही लावत आता."

गाणं संपलं. मग मारोतरावांनीच कुठूनसा हिरवा कागद शोधला आणि काटा होता तिथे चिकटवला. जरा वाकडाच.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जरूर नवी करा. पण पुसण्याआधी घरातल्यांनी तिच्यावर काय काय जपून ठेवलंय ते विचारा, टिपून घ्या. कारखान्याला माझे सगळे आकडे ठाऊक होते. जया कुठे असते, ते ठाऊक नव्हतं.