जांभळ्या काठाचा शालू

जान्हवीनं पाकीट फोडून चड्डी आईच्या मांडीवर टाकली. अनसूयाबाईंनी आधी दाराकडं पाहिलं, मग चड्डीवर पदर ओढला.

"अगं, कोण येत न्हाई. वहिनी पौडला गेलीया, ऋतिका अंगणात खेळतीया," जान्हवी म्हणाली. मारुंजीहून ती लेकीला घेऊन सकाळीच आली होती. "तुला तपासलं त्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय. ह्याच दुखण्यासाठी विणलेलं रेशीम हाय. मलम लावायचं आन् हीच घालायची."

पदराखाली म्हाताऱ्या बोटांनी कापड चाचपलं. हा मऊपणा बोटांच्या ओळखीचा होता.

ऐन तारुण्यातच तिथली कातडी चिरू लागली होती. दिवसभर खाचरात वाकून भात लावायचा आणि नऊवारीचा ओला काष्टा करवतीसारखा फिरायचा. नवऱ्याला सांगायची गोष्ट नव्हती, सासूला तर नव्हतीच.

"रेशीमच लागतं म्हनली का बाई?"

"व्हय. का गं?"

अनसूयाबाई भिंतीला धरून उठल्या. ट्रंकेच्या तळातून त्यांनी एक गाठोडं काढलं. हातानं शिवलेल्या, धुऊन धुऊन रंग गेलेल्या चड्ड्या. एकीच्या कमरेला बोटभर जांभळा काठ अजून तगून होता.

जान्हवीनं काठ ओळखला. लग्नात तिनं आईचा हाच शालू मागितला होता. उंदरांनी खाल्ला, असं आई म्हणाली होती. "वहिनीला दिलास, सरळ सांग की," म्हणून ती उसन्या शालूत बोहल्यावर चढली. तेव्हापासून दिवाळीला आईनं दिलेली साडी ती इथंच ठेवून जायची.

"मला सांगायचंस की गं."

"काय सांगू? लेकीनं मागितलेला शालू मी कुटं नेसले, त्ये?"

जान्हवीला हसू फुटलं. ते हसू मध्येच मोडलं. डोळे पुसत तिनं पिशवीतून दुसरं पाकीट काढलं आणि पहिल्याशेजारी ठेवलं.

"ह्ये कुणाचं?"

जान्हवीनं एका मांडीवरचा भार हळूच दुसऱ्या मांडीवर घेतला. अनसूयाबाई जन्मभर तशाच बसत आल्या होत्या.

"कवापासनं?"

"ऋतिका झाली तवापासनं."

तेवढ्यात ऋतिका धावत आत आली.

"आजी, काय लपवताय तुम्ही?"

जान्हवीचा हात सवयीनं ओढणीकडं गेला. तिनं ती गाठोड्यावर टाकली.

अनसूयाबाईंनी ती उचलली, लेकीच्या खांद्यावर परत ठेवली आणि नातीला म्हणाल्या,

"बस हितं."