नऊ हजार तीनशे किलोमीटर

मी पृथ्वीगोल बोलतोय. मला गोंजारू नका. माणसांची सलगी मला पुरेशी झाली. माझी कैफियत तेवढी ऐका.

छापील कागदाच्या बारा पट्ट्या पोकळ गोळ्यावर डकवून मला घडवलं. भूगोलाच्या एका मास्तरांनी मला घरी आणलं आणि माझ्या आसाला दोरा बांधला. दर हजार किलोमीटरला शाईचा ठिपका. मुलगी दूरदेशी नोकरीला लागली. ती यायला निघाली, की मास्तर दोरा तिच्या शहरापासून आपल्या शहरापर्यंत ताणत, ताशी नऊशेने भागत आणि जाहीर करत, "दहा तास वीस मिनिटं!" तेव्हा थेट विमान होतं, गणित चुकत नसे. मग ते विमान बंद झालं आणि वर्षभर ती आलीच नाही, म्हणून मास्तरांना ते कळलंही नाही.

मास्तर अंथरुणाला खिळले होते. त्यांना न्हाऊमाखू घालणं, भरवणं, सगळं बारा वर्षं थोरल्या मुलाच्या गळ्यात. डॉक्टरांनी "आता फार तर एक-दोन दिवस" म्हटल्यावर त्याने बहिणीला कळवलं. सकाळी सातला तिचा फोन आला. फोन माझ्या शेजारीच असे.

"दादा, आपल्या आठला निघतेय. थेट विमान नाही रे, दोनदा बदलायचंय. उद्या दुपार होईल. बाबांना नीट सांग हं."

"सांगतो."

तेवढ्यात आतून हाक आली: गोल आण. तो मला घेऊन गेला.

"कधी निघतेय?"

"आठला."

मास्तरांनी दोरा ताणला. "नऊ हजार तीनशे. सहा वीसला उतरेल, साडेसातला दारात. तोवर तू जरा माणसात ये. हा कळकट सदरा बदल. तिला काय वाटेल!"

सांगण्यासाठी उघडलेलं मुलाचं तोंड मिटलं. मी हातभर अंतरावरून पाहिलं.

साडेसातला मास्तरांनी दार सताड उघडायला लावलं. साडेआठला विचारलं, "अजून कशी नाही?"

"यायचं असतं तर आली असती, बाबा," धुतलेल्या सदऱ्यातला मुलगा म्हणाला.

मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं, ते पुन्हा वळवलं नाही. पहाटे गेले.

दुपारी मुलगी आली, प्रवासाचे एकोणतीस तास अंगावर घेऊन. उशाशी मी, दोरा अजून दोन शहरांवर पडलेला.

"दादा, तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

"सांगितलं की. पण माझ्यापेक्षा त्यांचा या दोऱ्यावर विश्वास. आयुष्यभर तेच केलं त्यांनी."

तिने दोरा हिसडून तोडला आणि मला माळ्यावर फेकलं. एक खंड चेपलं. खाली ती भावाच्या गळ्यात पडून म्हणत होती, "तू होतास म्हणून रे..."

मला डागडुजी नको, सहानुभूती तर नकोच. कधी ती मुलगी भेटली, तर एवढंच सांगा: अंतर नऊ हजार तीनशेच होतं. त्या दिवशी त्या घरात तेवढंच खरं बोललं गेलं.