आत्याच्या उशामागचा प्लग पॉइंट

मी एक जुना प्लग पॉइंट आहे, मित्रांनो. माझा अर्धा चेहरा वितळला आहे आणि भिंतीतली माझी जागाही गेली आहे.

घर बांधले तेव्हा मला गाडी लावायच्या जागेतल्या भिंतीत बसवले. भिंतीपलीकडे आत्याची खोली. तिची उशी नेमकी माझ्या पाठीशी. कधी इस्त्री, कधी भिंतीला भोके पाडायचे यंत्र, एवढेच माझे काम. कुणी माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. प्लगचे पाय धरून ठेवणाऱ्या माझ्या आतल्या पट्ट्या मात्र सैल होत गेल्या.

मग दारात विजेची गाडी आली. आत्याचा भाचा, ज्याला सगळे दादा म्हणत, घरोघरी जाऊन रुग्णांच्या रक्ताचे नमुने गोळा करायचा. दिवसभर गाडीतच.

"पेट्रोलवर आठवडा निघायचा, तेवढ्यात आता महिना निघतो!" येईल त्याला तो सांगायचा आणि मला थोपटायचा. "हा आमचा घरचा पंप!"

आयुष्यात पहिल्यांदाच माझे कौतुक होत होते. मी फुशारलो. पण तासन्‌तास एवढा भार मी कधी वाहिला नव्हता. अंग भाजून निघायचे. माझ्याभोवतीचा रंग आधी पिवळा पडला, मग तपकिरी.

एकदा दादाच्या बायकोने गाडीचा प्लग काढला आणि हात झटकला. "अहो, चटका बसला! मीटरपासून वेगळी जाड वायर ओढून घेऊ या ना."

"वाचलेलं सगळं भिंतीतच घालायचं, तर पेट्रोल काय वाईट होतं? बघू पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना आला आणि गेला. आत्या पडली, तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला, ती दिवसभर पलंगावर राहू लागली.

"उशाशी भिंत कोमट का लागते रे?" तिने विचारले.

"बाहेरून ऊन लागतं," दादा म्हणाला.

त्या बाजूला ऊन कधीच येत नव्हते.

एका दुपारी दादाची बायको कामावर होती. दादा गाडी चार्जिंगला लावून न्हाव्याकडे गेला. माझ्या सैल पट्ट्यांत ठिणग्या उडू लागल्या. वीज आपोआप बंद झाली नाही; घरातला पंखा फिरतच होता, दिवे चालूच होते. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मी फक्त जळत राहिलो. भिंतीतली वायर पेटली आणि आत्याच्या उशाशी धूर निघाला.

तिने हाका मारल्या. कुणी आले नाही. तशी ती पलंगावरून खाली घसरली, प्लास्टरचा पाय ओढत घरातल्या बोळापर्यंत गेली आणि तिने तिथला मेन स्विच काठीने बंद केला.

धूर पाहून अर्धेच केस कापलेला दादा धावत आला, तेव्हा ती जमिनीवर पडली होती.

"रडू नकोस. आधी मला उचल," ती म्हणाली. "मग ती भिंत फोड."

तिचे जुळत आलेले हाड पुन्हा सरकले. दादाने भिंत फोडली. वायर थेट तिच्या उशीपर्यंत काळी पडली होती. त्याने मला भिंतीतून काढले आणि खिडकीत ठेवले.

आता गाडीसाठी वेगळी वायर आली आहे. मी खिडकीत पडून असतो. मित्रांनो, घरातल्या एखाद्या प्लगभोवतीचा रंग बदलला, तो गरम लागला, तर त्याला हात न लावता लगेच मोठ्यांना सांगा. ते 'बघू' म्हणाले तर पुन्हा सांगा.

शेजारच्या घराच्या भिंतीत माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच एक प्लग पॉइंट आहे. आज त्यांच्या दारात नवी कोरी गाडी उभी राहिली. शेजारी गाडीची चार्जिंगची वायर घेऊन त्या प्लगकडे निघाले आहेत. दादा दवाखान्यात आत्याजवळ आहे, आणि इथे माझ्याशिवाय कुणी नाही.