चौथा खिळा

निमोणकर सेक्रेटरींनी मालनबाईंची लाकडी पाटी दुसऱ्या खिळ्यावरून काढली आणि पहिल्या खिळ्याकडे नेली. मालनबाईंनी त्यांचं मनगट धरलं नाही एवढंच.

"थांबा. मॅच कुठे झालीये?"

"कोंडाजीरावांनी वॉकओव्हर दिलाय बाई. अभिनंदन. क्लबात पहिला नंबर."

"मला नंबर नकोय. मॅच हवीये."

नाशिक रोडच्या त्या टेनिस क्लबात भिंतीवर वरपासून खालपर्यंत खिळे ठोकलेले होते आणि एकेका खिळ्यावर एकेका खेळाडूच्या नावाची पाटी. तिला सगळे शिडी म्हणत. आपल्यापेक्षा दोन पायऱ्यांपर्यंत वर असलेल्याला आव्हान द्यायचं, जिंकलं की पाट्यांची अदलाबदल. आठ दिवसांत जो खेळायला उतरणार नाही, तो हरला. हिवाळ्यात इतर क्लबांशी लीग व्हायची, तिला वरचे चौघे जात. हे नियम पुरुषांनी पुरुषांसाठी केले होते, फक्त तसं लिहायला विसरले होते.

मालन गांगुर्डे रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. त्यांचे वडील इगतपुरीला रेल्वेच्या कोर्टावर रोलर ओढायचे. साहेबलोक घरी गेले की तुटकी रॅकेट लेकीच्या हाती यायची. एकोणऐंशी साली, चाळिशीत, बदली होऊन त्या इथे आल्या, वर्गणी भरली आणि सगळ्यात खालच्या खिळ्यावर स्वतःची पाटी टांगली. लोक हसले. मग बाईंनी आव्हानं द्यायला सुरुवात केली आणि सगळ्यांचं हसू मावळलं.

जिंकलो तर काय, बाईला हरवलं. हरलो तर तोंड दाखवायला जागा नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मग एकाचा गुडघा दुखला, एकाच्या मेव्हणीचं लग्न निघालं, एकाला अधिक महिना आडवा आला. हे सगळे वीर खेळण्यापेक्षा आपली पाटी खाली न्यायला तयार झाले. मालनबाई मात्र दर वेळी पांढरा पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून कोर्टावर हजर. वाट बघायच्या, भिंतीवर चेंडू मारायच्या आणि घरी जायच्या. अशा एकही मॅच न खेळता त्या दुसऱ्या आल्या, आणि याचाच त्यांना भयंकर संताप होता. लहानपणापासून खेळत आल्या, पण आपण नेमक्या कितव्या, हे त्यांना कुणी कळूच दिलं नव्हतं.

"कोंडाजीरावांना सांगा," त्या निमोणकरांना म्हणाल्या, "रविवारी सकाळी मी कोर्टावर आहे. नाही आले, तर ही पाटी पुन्हा तळाला टांगीन आणि सगळ्यांना नव्याने आव्हान देईन. मला काही घाई नाही."

क्लबातले सगळे गुडघे पुन्हा एकदा दुखणार, हे निमोणकरांना स्पष्ट दिसलं. त्यांनी पाटी मुकाट्याने दुसऱ्या खिळ्यावर अडकवली.

रविवारी कोंडाजीराव बोरस्ते आले. पहिल्या नंबरचा माणूस, बारदानाचा व्यापारी, आडव्या अंगाचा. कुंपणाला अख्खा क्लब लटकलेला. त्यांनी पहिलाच चेंडू असा अलगद टाकला की जणू वाढदिवसाचा फुगा. मालनबाईंनी तो हातानेच झेलला.

"काय झालं?"

"असे चेंडू पोराबाळांना टाका. मला नीट मारा."

"लागेल हो बाई."

"लागू द्या."

मग ते खरंच खेळले. पहिला सेट त्यांनी घेतला. दुसऱ्यात बाईंनी त्यांना दोन्ही कोपऱ्यांत असं पळवलं की कुंपणावरची कुजबुज थांबली. एक चेंडू बाईंच्या मांडीवर सणसणीत बसला. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. अखेर हरल्या, पण कोंडाजीरावांना श्वास घ्यायला गुडघ्यांवर हात टेकावे लागले.

त्यांनी जाळीपाशी नमस्कार केला. मालनबाईंनी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो हातात घेतला.

"आता खरं सांगा. मी कितवी?"

कोंडाजीरावांनी टॉवेलने मान पुसली, भिंतीकडे बघितलं, कुंपणावरच्या मंडळींकडे बघितलं.

"चौथी," ते म्हणाले. "मी आणि तुमच्या खालचे दोघं अजून तुम्हाला भारी आहोत. बाकीचे मार खातील."

बाई दुखावणार असं लोकांना वाटलं. बाईंचे डोळे मात्र आनंदाने भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. त्यांनी आपली पाटी दुसऱ्या खिळ्यावरून काढली, खालच्या दोन पाट्या एकेक खिळा वर सरकवल्या आणि स्वतःची चौथ्यावर टांगली. जरा तिरकी झाली होती, ती अंगठ्याने सरळ केली.

निमोणकर खाकरले. "बाई, लीगला चौघं जातात. म्हणजे कमिटीला जरा विचार करावा लागेल. शिवाय भिंतीला रंग द्यायचाय, पाट्या काढाव्या लागतील..."

"द्या की रंग. माझी पाटी तेवढी खेळून काढा. मी रोज सकाळी इथेच असते."

एवढं बोलून त्या ड्यूटीवर गेल्या.

त्या आठवड्यात भिंतीला पिवळा रंग लागला. चौथ्या खिळ्यावरची पाटी कुणी काढलीच नाही, तिच्यामागचा पाटीएवढा चौकोन तेवढा जुन्या रंगाचाच राहिला.